सर्वधर्म सभेत आपल्या विठ्ठलाबद्दल कसं बोलावं?

रामकृष्णहरी माऊली.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निपाणीजवळच्या तुमच्या गावात २ ऑक्टोबरला सर्वधर्म सभा आहे. मौलाना, फादर, जैन समाजाचे पंडितजी आणि लिंगायत मठाचे स्वामीजी यांच्या रांगेत बसून तुम्हाला वारकऱ्यांच्या वतीनं वीस मिनिटं बोलायचंय. विठ्ठलाबद्दल ठाम बोललो तर प्रचार वाटेल आणि गुळमुळीत बोललो तर आपलेच टाळकरी म्हणतील, महाराज तिकडं जाऊन बदलले. मग आपल्या श्रद्धेबद्दल बोलायचं किती आणि कसं?

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. सव्वीस वर्षं कीर्तन करतोय आणि त्यातली बरीच वर्षं अशा सभांना जातोय. गणपतीच्या आधीच्या शांतता कमिटीच्या बैठका, हायस्कुलांचे कार्यक्रम, नाताळचे मेळावे, उरुसाची निमंत्रणं, सगळीकडे गेलोय. माझं उत्तर असं आहे की भरपूर बोला, पण स्वतःचंच बोला. तुम्ही काय करता, का करता, त्यानं तुमच्यात काय बदललं आणि कुठं कमी पडलात, एवढं सांगा. ‘सगळे धर्म एकच शिकवतात’ हे वाक्य मात्र बोलू नका.

हे वाक्य मलाही आवडायचं. ते म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. शांतता कमिटीच्या बैठकीत पाच जण उठतात, पाचही जण तेच म्हणतात, टाळ्या पडतात, चहा होतो. मात्र शेजारच्या गल्लीतलं घर रमजानात पहाटे कशासाठी उठतं, हे बैठकीआधी जेवढं ठाऊक होतं तेवढंच नंतरही ठाऊक असतं. बेळगावचा किल्ला हे आपल्याकडचं दुसरं ठरलेलं उदाहरण. दरवाज्याजवळ दुर्गेचं देऊळ, आत १२०४ सालची कमल बसदी म्हणजे जैन मंदिर, सफा मशीद, रामकृष्ण मिशनचा आश्रम, सगळं एकाच तटबंदीत. आहेच ते अभिमानाचं. पण किल्ला सगळे सांगतात. बसदीत गेल्यावर श्रावक, म्हणजे जैन गृहस्थ, काय करतो, मशिदीत पहिल्या रांगेत कुणी उभं राहायचं, हे कुणी सांगत नाही. (जो आधी आला तो पहिल्या रांगेत, मग तो हमाल असो की वकील. मला हे कळायला चाळिशी उलटावी लागली.)

माझ्या हातून झालेली चूक सांगतो, म्हणजे मी हे का म्हणतोय ते कळेल. कीर्तनाला लागून थोडीच वर्षं झाली होती. एका उरुसाच्या कार्यक्रमात मी अर्धा तास बोललो. सगुण-निर्गुण सगळं मांडलं आणि शेवटी म्हणालो की तुमचा अल्ला म्हणजे आमचा निर्गुण विठ्ठलच, नाव तेवढं वेगळं. टाळ्या पडल्या. नंतर जेवायला बसलो. माझ्यासाठी वेगळी डाळ-भाकरी केली होती. एक वयस्कर मौलाना माझ्याशेजारी येऊन बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “महाराज, तुम्ही फार मोहब्बतीनं बोललात. पण तुम्ही आमचंच बोललात, तुमचं राहून गेलं. मला विठ्ठल ऐकायचा होता.” मग त्यांनी आपल्या पुढ्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली.

रात्री घरी येताना तेच डोक्यात घोळत होतं. ईश्वराला आकार देणं, त्याच्या जोडीला कुणाला बसवणं, ही इस्लाममध्ये सगळ्यात मोठी चूक मानली जाते. मी प्रेमाच्या भरात त्यांच्या ईश्वराला विटेवर उभं केलं होतं. आणि माझ्या विठ्ठलाचं तरी मी काय केलं? वीट, कटेवरचे हात, पुंडलिकासाठी ताटकळणं, यातच आपला जीव अडकलेला. ते सगळं मी ‘नाव तेवढं वेगळं’ म्हणून पुसून टाकलं. दोघांवरही अन्याय झाला होता.

स्वामी विवेकानंद शिकागोच्या आधीच्या वर्षी, ऑक्टोबर १८९२ मध्ये, आपल्या बेळगावात राहून गेले. आधी भाटे यांच्या घरी उतरले होते. पुढं सप्टेंबर १८९३ मध्ये सर्वधर्म परिषदेत शेवटच्या दिवशी ते जे बोलले त्याचा आशय असा की ख्रिश्चनानं हिंदू किंवा बौद्ध व्हायचं नाही आणि हिंदूनं किंवा बौद्धानं ख्रिश्चन व्हायचं नाही. प्रत्येकानं दुसऱ्याचं सत्त्व घ्यावं आणि आपलेपण राखून वाढावं. त्यांचं पहिल्या दिवसाचं भाषण सगळे सांगतात. सर्वधर्म सभेत बोलणाऱ्यानं शेवटच्या दिवसाचं वाचावं.

आता स्वतःचं बोलायचं म्हणजे काय, ते आमच्या तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी पाहिलं. तिथल्या हेडमास्तरांनी ‘धर्म आणि शांतता’ असला विषय न देता एकच शब्द दिला होता. उपवास. आपापल्या उपवासाबद्दल बोला, एवढंच.

मौलानांनी खिशातून एक खजूर काढला आणि तळहातावर ठेवला. म्हणाले, “संध्याकाळी हा हातात असतो. सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात नाही. समोर शरबत आहे, कुणी बघत नाही, दार बंद आहे. तरी मी अजान होईपर्यंत खात नाही. रोजा म्हणजे ही दोन मिनिटं.” हॉलमध्ये पोरं होती, तरी टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता झाली. मग मी एकादशीचं सांगितलं. आमच्या आईनं पंधरवड्याची एकही एकादशी चुकवली नाही, पण शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी बंद करायला लावली, तेव्हा ती वरीच्या भातासाठी नाही, एकादशीसाठी रडली. पंडितजींनी दशलक्षण पर्वातला उपवास सांगितला. प्यायचं तर फक्त उकळलेलं पाणी आणि तेही सूर्य मावळायच्या आत. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे आपल्या गल्लीत मोदक असतात त्याच दिवसांत, शेजारच्या जैन घरात हे चाललेलं असतं. फादर म्हणाले की राखेच्या बुधवारपासून आमचे चाळीस दिवस सुरू होतात, आणि उपास करताना तोंड सुकवून लोकांना दाखवू नका, अशी येशूची ताकीद आहे, म्हणून त्याबद्दल बोलतानाही मला संकोच वाटतो.

शेवटी स्वामीजी उठले आणि म्हणाले की आमच्या शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या वाटेवरच्या संतांनी, उपवासाला एवढं महत्त्व दिलं नाही. बाराव्या शतकात बसवण्णांनी कायक आणि दासोह सांगितला, म्हणजे कष्ट करून मिळवा आणि वाटून खा. त्यामुळे या विषयावर मी पाहुणा आहे.

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त पटले ते स्वामीजी. त्यांना ‘आमच्यातही उपवास आहेच’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी फरक सांगितला, आणि कुणाला वाईट वाटलं नाही. उलट मागच्या बाकावरच्या एक आजी उठून म्हणाल्या, “पन्नास वर्षं शेजार हाय, पण रोजाला पाणी बी चालत न्हाई हे मला आज कळालं बगा.” चार उपवास आणि एक उपवास नसलेली वाट, इतकी वेगळी असूनही ती माणसं त्या संध्याकाळी जवळ आली होती. तुमच्या आयोजकांशी बोलता आलं तर त्यांनाही असा एकच शब्द घ्यायला सांगा. तुमची तारीख तर २ ऑक्टोबर आहे. १९२४ साली या तारखेला गांधीजी दिल्लीत हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी २१ दिवसांच्या उपवासात होते. तो त्यांनी मौलाना महंमद अलींच्या घरी सुरू केला होता. तिथून तीन महिन्यांत, डिसेंबरमध्ये, ते बेळगावला काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून आले.

काही वाक्यं आपण प्रेमानं बोलतो आणि ती समोरच्याला टोचतात. ‘जैन धर्माचे संस्थापक महावीर’ म्हणू नका. ते चोविसावे तीर्थंकर, त्यांच्या आधी तेवीस झाले असं जैन मानतात. जैन आणि शीख ही हिंदू धर्माचीच शाखा, असं तर त्यांच्या शेजारी बसून अजिबात म्हणू नका. लिंगायत वेगळा धर्म की नाही, हा वाद कर्नाटकात २०१७ पासून चांगलाच तापलेला आहे. स्वामीजी त्यावर काही बोलले तर ते त्यांचं मत, तुम्ही निकाल देऊ नका. येशू हिमालयात येऊन योग शिकले, ही गोष्ट फादरना ऐकवू नका. आणि आपल्या वारकऱ्यांच्या तोंडी सहज येणारं, ‘बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार’, ते तर या स्टेजवर पूर्ण टाळा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात हे मानणार नाही अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. समोर बसलेल्या बौद्ध माणसाच्या आजोबांनी ती उभं राहून घेतलेली असू शकते.

त्यावरून आठवलं, तुमच्या यादीत बौद्ध समाजातलं कुणी दिसलं नाही. आयोजकांना आजच फोन करा. निपाणीत १९२५ साली डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. त्या भागात सर्वधर्म सभा घ्यायची आणि बौद्धांना बोलवायचं नाही, हे बरं दिसत नाही.

आणि ते आले तर तुमच्यावर एक जबाबदारी येते. वारकरी संप्रदायात भेदाभेद नाही, असं आपण नेहमी सांगतो. संतांचं खरंच तसं आहे. पण चोखोबांना देवळात जाता आलं नाही, त्यांची समाधी महाद्वाराबाहेर, पायरीपाशी आहे. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना मोकळं व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. म्हणजे आपण अभंग म्हणत होतो आणि दार बंदच होतं. हे मी पहिल्यांदा एका सभेत बोललो तेव्हा आमच्याच दिंडीतला एक जण रागावला. घरची धुणी बाहेर कशाला, म्हणाला. मी त्याला एवढंच विचारलं, हे खोटं आहे का? आपल्या माणसांची चूक आपण स्वतः सांगितली की ऐकणाऱ्याला आपलं बाकीचंही खरं वाटायला लागतं. दुसऱ्याच्या धर्मातली चूक मात्र त्यालाच सांगू द्या.

कीर्तनाच्या दोन सवयी तिथं सोडाव्या लागतील. एक म्हणजे गजर. आपण सुरुवातीलाच ‘बोला पुंडलिक वरदे’ म्हणतो आणि मंडपातून आवाज येतो. मी अशाच एका सभेत सगळ्यांना हात वर करायला लावले. अर्धा हॉल वर हात करून उभा, आणि मुसलमान पोरांची एक रांग मान खाली घालून बसलेली. ती पोरं उद्धट नव्हती, त्यांना मी अडचणीत टाकलं होतं. विठ्ठलाचं नाव तुम्ही जरूर घ्या, मोठ्यानं घ्या, पण एकट्यानं घ्या. दुसऱ्याकडून म्हणवून घेऊ नका. दुसरी सवय पूर्वपक्षाची. प्रवचनात आपण आधी विरुद्ध मत जोरात मांडतो आणि मग खोडतो. हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. तुमचा पूर्वपक्ष तीस सेकंदांचा कापून कुणाच्या तरी स्टेटसला गेला तर खंडन कोण ऐकणार? तिथलं प्रत्येक वाक्य एकटं उभं राहील असं बोला.

दीपप्रज्वलनाचं आयोजकांना आधीच विचारा. फोटोपुढं दिवा लावणं काहींना जमत नाही. रोपाला पाणी घातलं की प्रश्न सुटतो. कार्यक्रम लांबणार असेल तर मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला दहा मिनिटं सोडा. पंडितजींचं खाणं दिवस मावळायच्या आत व्हायला हवं, आणि त्यात कांदा, लसूण, बटाटा नको.

भाषेचा प्रश्न मात्र आपल्या सीमाभागातला आहे, पुण्या-मुंबईच्या वक्त्याला तो भेडसावत नाही. स्वामीजी कन्नडमध्ये बोलतील. मौलाना आपल्याकडच्या दखनी उर्दूत, फादर बहुतेक कोकणी-मराठीत. हॉलमध्ये कुणीतरी कुजबुजेल की कन्नड कशाला, किंवा मराठी कशाला. या सीमेचं दुःख मला ठाऊक आहे, आमच्या घरानंही ते सोसलंय. तरी माझं मत पक्कं आहे की माणूस ज्या भाषेत प्रार्थना करतो त्याच भाषेत त्याला आपल्या देवाबद्दल बोलू द्यावं. तुम्ही मराठीत बोला. दर तीन-चार मिनिटांनी कन्नडमध्ये सांगणारं कुणी मिळालं तर घ्या, आणि स्वामीजींचं मराठीत आणणारंही हवं. सुरुवातीला ‘एल्लरिगू नमस्कार’ एवढं मनापासून म्हटलंत तरी पुरे. विठ्ठलाला ज्ञानोबांनी ‘कानडा’ म्हटलं, ते उदाहरण द्यायचं असेल तर जोडीला तुम्ही वारीत पाहिलेलं द्या. पंढरपुरात रांगेत तुमच्या पुढं उभा राहून कन्नड पदं म्हणणारा म्हातारा तुम्हाला भेटला असेलच. त्याचं सांगा.

शब्दांचंही बघा. आपण श्रद्धा म्हणतो, मुसलमान ईमान म्हणतो, मराठी ख्रिस्ती विश्वास म्हणतो, जैन सम्यक दर्शन म्हणतात. चारही शब्दांचं वजन वेगळं आहे. आपल्याला मोक्ष हवा, ख्रिस्ती माणूस तारणाबद्दल बोलतो. दुसऱ्याचा शब्द आपल्या शब्दात बदलून सांगण्याची घाई करू नका. समजलं नाही तर तिथंच, सगळ्यांसमोर, त्यालाच विचारा.

एक प्रश्न नक्की येईल आणि तो फादरना येईल. तुम्ही धर्मांतर करता का? डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधातल्या, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीतल्या अधिवेशनातच विधानसभेत मंजूर झालं. तेव्हापासून मी गेलो त्या बहुतेक सभांत हा प्रश्न कुणी ना कुणी विचारलाय. फादरच्या जागी मी असतो तर सरळ सांगितलं असतं की आमच्या श्रद्धेत साक्ष देणं आहे, संविधानाच्या २५व्या कलमात प्रसाराचाही हक्क आहे, आणि धाक-आमिष आम्हाला मान्य नाही. पण उत्तर त्यांचं आहे. तुमचं काम एवढंच की प्रश्न आरोपासारखा आला आणि टाळ्या वाजायला लागल्या तर तुम्ही टाळी वाजवायची नाही. समोरचा प्रत्येक माणूस तेव्हा तुमच्या हातांकडे बघत असतो.

आता तुमच्या टाळकऱ्यांचं. त्यांची भीती दूर करायची एकच रीत मला माहीत आहे. तिथं जे बोलणार ते आधी इथं बोला. पुढच्या एकादशीच्या प्रवचनात, एकही परका माणूस नसताना, तो खजूर सांगा, चोखोबांची पायरी सांगा, बुद्धांच्या अवताराचं आपण का म्हणू नये ते सांगा. जे वाक्य आपल्या मंडळींसमोर तोंडातून निघत नाही ते सभेतही बोलू नका, आणि सभेत बोलायची लाज वाटेल ते मंडळींतही बोलू नका. मी असं करायला लागल्यापासून आमच्या दिंडीतला तो रागावलेला माणूस स्वतःहून माझ्याबरोबर सभांना येतो. मागं बसतो, पाण्याची बाटली सांभाळतो.

वीस मिनिटांपैकी पंधराच घ्या. गळ्यातली माळ काढू नका, ती तिथंच हातात धरून दाखवा. ती कुणी घातली, कधी घातली, घातल्यापासून काय सुटलं ते सांगा. दारू-मटण सुटलं असेल तर म्हणा, आणि तोंडातल्या शिव्या अजून सुटल्या नसतील तर तेही म्हणा. पहिल्या वारीत पायाला फोड आले तेव्हा चालत का राहिलात ते सांगा. कळस दिसला तेव्हा काय झालं ते सांगा, आणि रडला असाल तर लपवू नका. मौलानांना, फादरना विठ्ठल ऐकायचाय. शेवटची पाच मिनिटं प्रश्नांना ठेवा, आणि पहिला माईक मागच्या बायकांकडे पाठवायला सांगा. पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्यांकडे गेला की तो परत येत नाही.